डावी खिडकी की उजवी?

कालिदासाच्या 'रघुवंश' या महाकाव्याच्या तेराव्या सर्गात श्रीराम पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येस परत निघतात आणि वाटेत खाली दिसणारा प्रदेश सीतेला दाखवीत जातात. आधी समुद्र आणि त्याला दुभंगून गेलेला सेतू, मग जनस्थान, पंपा सरोवर, गोदावरीचा तीर, पंचवटी, पुढे चित्रकूट, गंगा-यमुनांचा संगम आणि अखेरीस शरयू. त्या वर्णनाची गोडी केवळ उंचीत नाही. ज्या वाटेने श्रीराम पायी हिंडले, तीच वाट ते आता वरून पाहत आहेत. म्हणून कोणती नदी कोणती, कोणता डोंगर कोणता, हे त्यांना चटकन ओळखता येते. खालची भूमी ओळखीची आहे, म्हणूनच ती त्यांच्याशी बोलते.

आजच्या विमानाला पुष्पकाची सर नाही. पुष्पक स्वामीच्या इच्छेप्रमाणे कधी मेघांच्या मार्गाने, तर कधी पक्ष्यांच्या मार्गाने चाले. आजचे विमान नेमून दिलेल्या मार्गाने व नेमून दिलेल्या उंचीवरून जाते. त्याच्या खिडक्या लहान असतात आणि प्रवाशांतील निम्म्याहून अधिकांच्या वाट्याला खिडकी येतच नाही. ज्यांच्या वाट्याला येते, त्यांतीलही पुष्कळजण झडप खाली ओढून डोळे मिटून घेतात. गाढवाला गुळाची चव काय, असे कुणी म्हटले तर ते कठोर होईल. कारण रोज विमानाने ये-जा करणाराला झोप हीच अधिक मोलाची असू शकते. परंतु ज्याच्या आयुष्यात असा प्रवास एकदा किंवा दोनदाच घडावयाचा आहे, त्याने मात्र आपली जागा विचारपूर्वक निवडली पाहिजे. हिमालयाची रांग डाव्या हाताला उभी असताना उजव्या खिडकीत बसून तासभर नुसता धुरकट मैदानी प्रदेश पाहणे, आणि उतरल्यावर सहप्रवाशाच्या तोंडून धवलगिरीचे वर्णन ऐकणे, यासारखी हळहळ दुसरी नाही.

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेले एक निवृत्त पोस्टमास्तर आणि इयत्ता सातवीत शिकणारी त्यांची नात, अशा दोघांची कल्पना केली, तर हा विषय अधिक स्पष्ट होईल. दिल्लीपर्यंतचा प्रवास आगगाडीने करून तेथून काठमांडूस विमानाने जावे, असा बेत ठरला. आजोबांचा हा पहिलाच विमानप्रवास. तिकिटे निघाली आणि नातीने मोबाईलवर आसनांची आकृती उघडली. खिडकीजवळच्या जागेसाठी काही पैसे अधिक द्यावे लागतात, हे पाहताच आजोबा म्हणाले,

"अगं, आपण देवदर्शनाला निघालो आहोत, खिडकीदर्शनाला नव्हे. मधली जागा काय वाईट?"

"पण आजोबा, हिमालय म्हणजे शंकराचं घर, असं तुम्हीच सांगता ना? मग घराच्या दारावरून जायचं आणि आत डोकवायचंच नाही?"

आजोबा हसले. वस्तुतः हिमालय पाहण्याची इच्छा नातीपेक्षा त्यांचीच अधिक जुनी होती. साताऱ्याकडील कितीतरी गावांतून घरटी एक माणूस सैन्यात. नोकरीच्या काळात अशा जवानांची पत्रे आणि मनिऑर्डरी त्यांच्या हातांखालून शेकड्यांनी गेल्या होत्या. पाठविणाऱ्याच्या पत्त्यात गावाचे नाव कधीच नसे. 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' एवढेच. सैन्याच्या टपालाची तशी पद्धतच आहे, म्हणजे तुकडी कोठे आहे हे शत्रूला कळू नये. पत्र वाचून दाखविताना मजकुरातील थंडीवरून आणि बर्फावरून एवढेच समजे की, मुलगा उत्तरेकडच्या कोठल्यातरी डोंगरात आहे. पत्र ऐकणारी आई मग पोस्टमास्तरांनाच विचारी, "मास्तर, ते डोंगर हाइत तरी कसले?" या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

तेव्हा खिडकी घ्यावयाची, हे ठरले. आता प्रश्न असा की, कोणती?

नातीने भूगोलाचे पुस्तक काढले आणि भारताच्या नकाशावर बोट ठेवले. "हे दिल्ली आणि हे काठमांडू. काठमांडू उजवीकडे आहे. म्हणून उजवी खिडकी घेऊ."

ही चूक फार सामान्य आहे. नकाशात उत्तर दिशा वर असते आणि नकाशा पाहणारा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे असे गृहीत धरलेले असते. विमानातील प्रवासी मात्र विमान जिकडे जाईल तिकडे तोंड करून बसलेला असतो. म्हणून उपाय सोपा आहे : पुस्तक हातात फिरवावे आणि ज्या गावी जावयाचे ते गाव निघण्याच्या गावाच्या बरोबर वर येईल, असे ते धरावे. मग नकाशाची डावी ती विमानाची डावी आणि नकाशाची उजवी ती विमानाची उजवी. आजोबांनी पुस्तक पाव फेरा डावीकडे वळवले. दिल्ली खाली आली, काठमांडू वर गेले आणि हिमालयाची तपकिरी पट्टी आपोआप डाव्या हाताला उभी राहिली. नात क्षणभर पाहतच राहिली. ज्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात, त्यांत डाव्या खिडकीला 'ए' आणि उजव्या खिडकीला 'एफ' हे अक्षर असते. म्हणजे दिल्लीहून काठमांडूस जाताना 'ए' आणि परतताना 'एफ'.

दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीस जाणारासही हाच नियम लागू पडतो. किंबहुना एव्हरेस्ट पाहण्याची ज्याची हौस असेल त्याला हा पूर्वेकडचा मार्गच अधिक सोयीचा आहे. कारण एव्हरेस्ट हे काठमांडूच्याही पूर्वेस सुमारे १६० किलोमीटरवर आहे. दिल्लीहून काठमांडूस जाणारे विमान तेथवर पोचण्यापूर्वीच खाली उतरते. गुवाहाटीच्या विमानातून मात्र आकाश निरभ्र असल्यास डाव्या बाजूस आधी एव्हरेस्ट आणि पुढे कांचनगंगा, अशी दोन्ही शिखरे दिसतात.

येथे एक शंका सहज येईल. विमान मैदानी प्रदेशावरून जाणार आणि पर्वत तर शंभर किंवा दोनशे किलोमीटर दूर. मग तो दिसणार कसा? पृथ्वी गोल असल्यामुळे आपल्या दृष्टीला मर्यादा पडते, हे खरे. पण डोळा जितका उंच जाईल तितकी ही मर्यादा मागे सरते. उंची मीटरांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ३.५७ ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरांतील अंतर होय. समुद्रकिनारी उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. शंभर मीटर उंचीच्या टेकडीवरून ते छत्तीस किलोमीटरवर जाते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेथून, मध्ये काही आड आले नाही तर, क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरांवर असेल. आणि १०,००० मीटरांवरून उडणाऱ्या विमानातून ते जवळजवळ ३६० किलोमीटरांवर असते! ही झाली सपाट भूमीची गोष्ट. पलीकडची वस्तूच जर सात-आठ हजार मीटर उंच असेल, तर ती याहूनही कितीतरी दुरून दिसू शकते. नंदादेवीचे शिखर दिल्लीपासून सुमारे ३४० किलोमीटर दूर आहे. विमान पुरेसे वर चढले की, पृथ्वीची गोलाई नंदादेवीच्या आड येत नाही. आड येते ती धूळ.

म्हणून दिशेनंतर विचार करावयाचा तो ऋतूचा. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, डावी खिडकी मिळाली काय आणि उजवी मिळाली काय, सारखेच. पर्वत ढगांत गुरफटलेला असतो. पावसाने हवेतील धूळ धुऊन गेल्यानंतरचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वांत उत्तम. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर आणि तराईवर दाट धुके पसरते. त्यामुळे विमान सुटण्यास उशीर होतो, पण एकदा ते धुक्याच्या थराबाहेर पडले की वरची हवा आरशासारखी स्वच्छ असते. मार्च-एप्रिलमध्ये मैदानातील धूळ आणि पहाडातील वणव्यांचा धूर यांनी आसमंत भरून जातो.

या धुळीने फार मोठ्या धाडसी वैमानिकांनाही चकविले आहे. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळून दोन दुपंखी विमानांनी उड्डाण केले आणि ती एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाऊन सुखरूप परतली. मानवाने एव्हरेस्टवरून केलेले ते पहिले उड्डाण. त्या वेळी विमानात आजच्यासारखी उबदार, हवाबंद खोली नव्हती. वैमानिकांनी विजेने तापणारे कपडे घातले होते आणि ते नळीतून प्राणवायू घेत होते. शिखर सर झाले, पण मोहिमेचा दुसरा हेतू अपुरा राहिला. पायथ्याकडचा प्रदेश एप्रिलच्या धुळीने झाकून गेल्यामुळे नकाशासाठी हवी असलेली खालच्या भूमीची छायाचित्रे नीट मिळाली नाहीत, आणि १९ एप्रिल रोजी पुन्हा उड्डाण करावे लागले. एवढी तयारी केलेल्या मोहिमेची जेथे ही कथा, तेथे एप्रिलमध्ये निघालेल्या यात्रेकरूने पर्वत न दिसल्याबद्दल विमानाला दोष देण्यात अर्थ नाही.

ऋतूप्रमाणेच वेळही महत्त्वाची. सकाळी पर्वत बहुधा मोकळा असतो. ऊन चढू लागले की डोंगरउतार तापतात, त्यांवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि वर जाताना थंड झाल्यामुळे तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. दुपारपर्यंत शिखरांच्या गळ्याभोवती हे ढग जमू लागतात. तेव्हा हिमालय पाहावयाचा तर सकाळचे विमान चांगले. सूर्याची बाजू टाळावी, असेही सांगतात आणि ते योग्यच आहे. समोरून ऊन आले की डोळे दिपतात आणि खिडकीच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकू लागतो. उत्तर भारतात या बाबतीत प्रवाशाचे दैव मोठे अनुकूल आहे. तेथे सूर्य दिवसाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे असतो, आणि हिवाळ्यात तर पूर्ण दिवसभर. म्हणजे उत्तरेची खिडकी सावलीत राहते आणि समोरच्या बर्फावर मात्र पाठीमागून आलेले ऊन पडते. पाहणारा सावलीत आणि दृश्य उन्हात, याहून चांगली रचना एखाद्या नाट्यगृहातही सापडणार नाही.

राहता राहिली रांग. नातीचे बोट आसनांच्या आकृतीवर मध्यभागी गेले होते. तेथे पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. पण मधल्या रांगांच्या खाली विमानाचा पंख पसरलेला असतो. तेथे बसणाराला आकाश दिसते, भूमी दिसत नाही. पंखाच्या पुढची जागा सर्वांत चांगली. पंखाच्या मागे बसल्यास तो थोडा आड येतो आणि इंजिनातून निघणाऱ्या उष्ण वायूमुळे काही भाग चुलीच्या धगीपलीकडे पाहावे तसा थरथरताना दिसतो; पण अगदी मागच्या रांगांत पंखाचा अडथळा पुष्कळच कमी होतो. शिवाय काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीऐवजी नुसती भिंत असते आणि पैसे मात्र खिडकीचेच घेतले जातात! प्रवासापूर्वी त्या जातीच्या विमानाची आकृती पाहून ठेवली तर हा प्रसंग टळतो. लहान गावांना जाणारी पंखेवाली एटीआर विमाने या बाबतीत उदार आहेत. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालची भूमी बहुतेक सर्व खिडक्यांतून मोकळी दिसते, आणि ती उडतातही कमी उंचीवरून.

पुढच्या जागांचे पैसे अधिक होते. आजोबांनी हिशेब केला आणि पंचविसाव्या रांगेतील 'ए' व तिच्या शेजारची 'बी' अशा दोन जागा घेतल्या.

"आजोबा, खिडकीत कोण बसणार?"

"आधी मी. दिल्ली सोडल्यावर पहिला अर्धा तास माझा. पुढे तू बस."

पहिला अर्धा तास त्यांनी का मागितला, हे नातीला त्या वेळी कळले नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी विमान दिल्लीहून उठले. वाऱ्याचे तोंड असेल तिकडे विमान उडते, त्यामुळे आरंभीच्या काही मिनिटांत ते कोठेही वळते आणि सूर्य कधी या खिडकीत तर कधी त्या खिडकीत येतो. अशा वेळी आपली बाजू चुकली की काय, असे वाटून नवखा प्रवासी घाबरा होतो. थोडा धीर धरावा. विमान आपल्या मार्गाला लागले की दिशा स्थिर होते. खिडकीच्या काचेकडे पाहून आजोबांनी विचारले, "हिला छिद्र कसले गं पडले आहे?" ते छिद्र पडलेले नसते, मुद्दाम ठेवलेले असते. विमानाची खिडकी एकावर एक अशा पारदर्शक तावदानांची असते. हवेचा दाब बाहेरचे तावदान पेलते. मधल्या तावदानातील बारीक छिद्रामुळे दोहोंच्या दरम्यानचा दाब सारखा राहतो आणि तेथे दव साचत नाही. कधीकधी छिद्राभोवती बर्फाची नाजूक फुले मात्र उमलतात.

वीसेक मिनिटे झाली. आजोबा खिडकीला नाक लावून वर पाहत होते. हिमालय म्हणजे आभाळाला भिडलेला, तेव्हा तो मान उंच करून पाहावा लागणार, ही कल्पना कोणाच्याही मनात येते. पण दहा-अकरा हजार मीटरांवरून जाणारे विमान हे स्वतःच सर्व शिखरांहून उंच असते. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, ही संख्या डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केली. तेव्हा शिखरे शोधावयाची ती वर नव्हे, तर क्षितिजाच्या रेषेपाशी. शंभर-दीडशे किलोमीटरांवरून ती क्षितिजाच्या वर जेमतेम एक-दीड अंश उठलेली दिसतात. हात लांब करून करंगळी आडवी धरली, तर तिच्यामागे झाकून जातील एवढीच. म्हणूनच पहिल्या दृष्टीस ती ढगांची पांढरी किनार वाटतात. ओळखण्याची खूण अशी की, ढगाची कड मऊ असते आणि पाहता पाहता बदलते. पर्वताची कड धारदार असते, तिची एक बाजू उजळ आणि दुसरी निळसर असते, आणि ती हलत नाही.

"आजोबा, ते ढग नाहीत," नात त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "केव्हाची मी बघते आहे, ते बदलतच नाहीत."

डाव्या खिडकीतून, जरा पुढच्या बाजूस, इतरांहून उंच असे एक शिखर उभे होते. ती नंदादेवी, उंची ७,८१६ मीटर. उत्तराखंडातील या भागानंतर जी रांग लागते ती नेपाळची. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हे आपल्या बाजूचे ना?" त्यांनी विचारले. नातीने पुस्तकात पाहून होय म्हटले. नंदादेवी हळूहळू मागे सरकून पंचविसाव्या रांगेच्याही मागे जाईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग स्वतःच उठले आणि नातीला खिडकीत बसविले.

पुढचा भाग खरोखर संपन्न आहे. सर्वांत आधी येतो तो धवलगिरी, ८,१६७ मीटर. तो एकटा, रुंद खांद्यांचा, पांढराशुभ्र. त्याच्या पूर्वेस पर्वताच्या रांगेत एक खोल खाच दिसते आणि खाचेच्या पलीकडे ८,०९१ मीटर उंचीची अन्नपूर्णा आपल्या भगिनी-शिखरांसह उभी असते. दोहोंतील अंतर पस्तीस किलोमीटरांहूनही कमी. ही खाच ज्याने पाहिली त्याने हिमालयाच्या जन्माची कथाच पाहिली. कारण ती काळी गंडकी नदीची दरी होय. एवढा थोरला पर्वत ओलांडून नदी अलीकडे कशी आली, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की, नदी पर्वताहून जुनी आहे. भूमी जसजशी वर उचलली जाऊ लागली, तसतशी नदी आपले पात्र खोल कापीत राहिली. पर्वत वाढत राहिला, नदी कापत राहिली, आणि जगातील अतिशय खोल दऱ्यांपैकी एक दरी तेथे तयार झाली. अन्नपूर्णेच्या पुढ्यात माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले एक टोक दिसते, ते माच्छापुच्छ्रे. ते पवित्र मानले जात असल्याने त्यावर चढण्यास परवानगी दिली जात नाही. पुढे ८,१६३ मीटरांचा मनासलू, मग गणेश हिमाल आणि लांगटांग.

याच सुमारास विमान खाली उतरू लागते आणि एक चमत्कार घडतो. विमान उतरते तशी शिखरे चढू लागतात! दहा हजार मीटरांवरून जी खाली वाटत होती, ती विमान पाच हजार मीटरांवर आले की वर पाहावी लागतात. हिमालयाची खरी उंची डोळ्यांत भरते ती या दहा मिनिटांत. म्हणून उतरण्याची सूचना झाल्यावर पुस्तके आणि पिशव्या आवरण्याच्या गडबडीत ती दवडू नयेत. मग एकाएकी जवळच्या हिरव्या डोंगरांच्या भिंती मध्ये येतात आणि बर्फ नाहीसा होतो. काठमांडूचा विमानतळ डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे आणि तेथे विमानांची गर्दीही असते. त्यामुळे उतरण्यापूर्वी विमानाला पुष्कळदा आकाशात फेऱ्या घालीत थांबावे लागते. या वेळी उजव्या खिडकीतील मंडळींनाही पर्वत दिसतो. उशीर झाला म्हणून कुरकुर करणारा प्रवासी त्या वेळी बाहेर पाहत नाही, हे त्याचे दुर्दैव. खाली उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. नेपाळची वेळ भारताच्या वेळेपुढे तेवढी आहे.

हीच रीत इतरत्रही लावता येते. मुंबईहून गोव्यास जाताना नकाशा फिरवून धरला, तर दक्षिण वर येते, समुद्र उजव्या हाताला आणि सह्याद्री डाव्या हाताला राहतो. सूर्यास्त पाहावयाचा असेल तर संध्याकाळचे विमान आणि उजवी खिडकी. परंतु नुसते पाणी पाहून दृष्टी लवकर थकते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्या, त्यांच्या मुखाशी साचलेली वाळू आणि मागे सह्याद्रीची उभी कड पाहावयाची असेल, तर डावीच घ्यावी, आणि तीही दुपारनंतरच्या विमानात. कारण तेव्हा पश्चिमेचे ऊन सरळ सह्याद्रीच्या कड्यांवर पडते. सकाळी तेच कडे काळे दिसतात. विमान किनाऱ्याच्या आतून जाईल की समुद्रावरून, हे दरवेळी सारखे नसते. पण दोन्ही प्रसंगी डोंगर डावीकडेच राहणार.

पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन आजोबा व नात चार दिवसांनी परत निघाली. या खेपेस 'एफ'च्या सर्व जागा आधीच भरल्या होत्या. मिळाली ती पुन्हा 'ए', म्हणजे आता दक्षिणेची, उन्हाची आणि मैदानाची खिडकी. नात हिरमुसली. दुपारची वेळ असल्यामुळे पर्वतावर ढग चढले होते आणि उजवीकडच्या लोकांनाही फारसे काही दिसत नव्हते, हे तिला आजोबांनी सांगितले, पण तिचे समाधान होईना. उन्हाच्या बाजूचीही एक गंमत असते. सूर्य समोर असल्याने खालचे प्रत्येक तळे, प्रत्येक कालवा आणि भाताच्या खाचरातले पाणी क्षणमात्र आरशासारखे चमकून विझते, आणि ती चमक विमानाबरोबर धावत जाते. एरवी नजरेतून सुटणारी बारीकशी नदीही त्या प्रकाशात चांदीच्या तारेसारखी उठून दिसते. सावलीच्या बाजूला बसणारासाठी निसर्गाने वेगळी भेट ठेवली आहे : खाली ढगांचा थर असेल, तर सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेस त्या ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांचे वाटोळे कडे उमटते.

डोंगर संपून सपाटी लागली, तेव्हा खाली पांढऱ्या वाळूच्या रुंद पटात अनेक धारांनी फुटून पुन्हा एक होणारी एक मोठी नदी चमकली.

"ही कोणती गं?" आजोबांनी विचारले.

नातीने पुस्तक उघडले, या वेळी न सांगताच ते फिरवून धरले, आणि नदीच्या निळ्या रेषेवर बोट ठेवून ती रेषा मैदानातून उलट वर, डोंगरांत नेली. बोट धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या खाचेपाशी जाऊन थांबले.

"आजोबा, ही नारायणी. काळी गंडकी हिलाच येऊन मिळते. त्या खाचेतलं पाणी हेच!"

आजोबांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतले आणि चष्मा सारखा करीत ते त्या नदीची रेषा खाली गंगेपर्यंत शोधू लागले.